ऐकू येते, पण समजत नाही : श्रवणयंत्र नेमके काय करते?

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात साठी ओलांडलेल्या रुग्णांशी बोलताना एक गोष्ट हमखास दिसते. गोळी कधी घ्यायची, किती घ्यायची हे आम्ही सांगतो आणि समोरची व्यक्ती समाधानाने मान हलवते. मग विचारले, "आता मी काय सांगितलं ते मला सांगा बघू," की ती शेजारी बसलेल्या मुलाकडे किंवा सुनेकडे पाहते. मान हलवली होती ती समजले म्हणून नव्हे, तर पुन्हा पुन्हा "काय म्हणालात?" विचारण्याचा संकोच वाटतो म्हणून.

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर नाही, मेडिसीनचा आहे. तरीही मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार अशा दीर्घ आजारांच्या उपचारात रुग्णाचे कान हा माझ्याही कामाचा भाग आहे. ज्याला नीट ऐकू येत नाही त्याचे औषध चुकते, पथ्य चुकते, पुढची तारीख चुकते. हळूहळू तो दवाखान्यात येणेच टाळू लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ४३ कोटी लोकांना श्रवणदोषासाठी उपचाराची वा पुनर्वसनाची गरज आहे. साठीनंतरच्या लोकांत हे प्रमाण चारांत एकाहून अधिक आहे. यातल्या बहुतेकांसाठी उत्तर एकच असते, श्रवणयंत्र. पण ते घेतलेल्यांपैकी अनेकांची यंत्रे कपाटातल्या डबीत पडून असतात. "नुसता गोंगाट होतो, त्यापेक्षा बहिरेपण बरं," असे त्यांचे म्हणणे असते. ही तक्रार खोटी नाही. ती का होते हे कळायचे असेल, तर आधी कान कसा काम करतो ते पाहावे लागेल.

कानातला मूळ ॲम्प्लिफायर

आवाज म्हणजे हवेतली कंपने. बाहेरचा कान ती गोळा करून पडद्यापर्यंत पोचवतो. पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही शरीरातली सर्वांत लहान तीन हाडे एकमेकांना जोडलेली असतात. मोठ्या पडद्यावरचा दाब ती रिकिबीच्या छोट्याशा तळाशी एकवटतात आणि तो सुमारे वीस पटींनी वाढवून आतल्या कानाकडे देतात. आतल्या कानात द्रव असतो. हवेतला आवाज पाण्यात शिरताना बहुतांश परतवला जातो, म्हणून ही तजवीज.

आतला कान म्हणजे कॉक्लिया, गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नळी. तिच्यातल्या लांबट पडद्यावर प्रत्येक आवाजाची आपली ठरलेली जागा असते. तीक्ष्ण, उंच पट्टीचे आवाज शंखाच्या तोंडाजवळ तर खर्जातले आवाज आत टोकाजवळ उमटतात. हे कसे घडते याचा शोध लावणारे जॉर्ज फॉन बेकेशी मूळचे हंगेरीतल्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम करणारे संशोधक होते. त्यांना १९६१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या पडद्यावर केशपेशींच्या रांगा असतात. प्रत्येक कानात आतल्या रांगेत सुमारे साडेतीन हजार आणि बाहेरच्या रांगांत सुमारे बारा हजार. आतल्या पेशी आवाजाचे विद्युत संदेशात रूपांतर करून मेंदूकडे पाठवतात. बाहेरच्या पेशींचे काम वेगळे आहे. त्या आवाजाच्या तालावर स्वतः आखडतात आणि ताणतात, आणि त्यामुळे हळू आवाजाचे कंपन मोठे होते. मोठ्या आवाजाला मात्र त्या अशी मदत करत नाहीत. म्हणजे हळू आवाज वाढवायचा आणि मोठा आवाज तसाच ठेवायचा, असा चोख ॲम्प्लिफायर निसर्गाने आपल्या कानात आधीच बसवलेला आहे. या हालचालीमुळे निरोगी कानातून अतिशय क्षीण आवाज बाहेरही पडतो. १९७८ मध्ये डेव्हिड केंप यांनी तो मोजून दाखवला. आज नवजात बाळाच्या कानात छोटे बूच ठेवून जी तपासणी करतात, ती याच आवाजाचा माग घेते.

वय, वर्षानुवर्षांचा कर्कश आवाज, काही आजार आणि काही औषधे यांनी सर्वांत आधी मरतात त्या याच बाहेरच्या केशपेशी. त्यातही शंखाच्या तोंडाजवळच्या, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांच्या, आधी जातात. माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. वयपरत्वे येणारे बहिरेपण गोळीने किंवा थेंबांनी बरे होत नाही, ते याच कारणाने. गरम तेल, लसणाचे तेल, जाहिरातीतले रामबाण थेंब यांतले काहीही त्या पेशींपर्यंत पोचत नाही; पडद्याला भोक असेल तर नुकसान मात्र होते.

'सहा' की 'दहा'?

उंच पट्टीचे आवाज गेले तर बिघडते काय? पक्ष्यांचा किलबिलाट, मोबाइलची बारीक टिणटिण ऐकू येणार नाही, एवढेच का? नाही. खरे नुकसान शब्दांचे होते.

बोलण्यातले स्वर, म्हणजे अ, आ, ओ, ऊ, हे खालच्या पट्टीतले आणि जोरकस असतात. बोलण्याचा 'आवाज' मुख्यतः त्यांचा. शब्दाचा अर्थ मात्र बराचसा व्यंजनांवर ठरतो, आणि स, श, फ, थ, ख यांसारखी व्यंजने उंच पट्टीतली आणि अगदी दुबळी असतात. 'स'चा बराच भाग ४००० हर्ट्झच्या वर असतो. शंखाच्या तोंडाजवळच्या पेशी गेल्या की वाक्यातले स्वर ऐकू येतात आणि व्यंजने गळून पडतात. कोणीतरी बोलते आहे हे कळते, काय बोलते आहे हे कळत नाही. "ऐकू येतं हो, पण समजत नाही," ही तक्रार शास्त्राच्या दृष्टीने इतकी अचूक आहे.

मधुमेह असलेल्या एका आजींचे उदाहरण सांगण्याजोगे आहे. इन्सुलिनचे प्रमाण कमी केल्याचे शहरातल्या मुलाने त्यांना फोनवरून कळवले, "सकाळी सहा युनिट." आजींनी ऐकले 'दहा'. पूर्वी दहाच होते, त्यामुळे शंकाही आली नाही. तिसऱ्या दिवशी त्या घामाघूम, अर्धवट शुद्धीत आमच्याकडे दाखल झाल्या. रक्तातली साखर घसरली होती. सलाइनमधून ग्लुकोज दिल्यावर त्या तासाभरात बोलू लागल्या. 'सहा' आणि 'दहा' यांत फरक एका व्यंजनाचा. त्यात भर म्हणजे साधा टेलिफोन सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज वाहून नेतो. 'स'चा बराचसा भाग तारेतच गळतो. तरुण कान संदर्भाने ती जागा भरून काढतो. आजींच्या कानाला ते जमले नाही.

यावर घरातला उपाय ठरलेला असतो, ओरडून बोलणे. त्याने स्वर आणखी मोठे होतात, व्यंजने फारशी होत नाहीत. शिवाय एक विचित्र प्रकार घडतो. "जरा मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही," असे म्हणणारे आजोबा आवाज थोडा चढवताच "ओरडतोस कशाला? बहिरा नाहीये मी!" म्हणून चिडतात. घरच्यांना हा हट्टीपणा वाटतो. प्रत्यक्षात हा केशपेशींचा दोष असतो. बाहेरच्या पेशी गेल्याने हळू आवाज ऐकूच येत नाहीत. पण मोठ्या आवाजांना त्यांची गरज नव्हतीच, म्हणून ते पूर्वीइतकेच मोठे वाटतात. 'ऐकू न येणे' आणि 'असह्य होणे' यांच्यामधली जागा आक्रसते. चांगल्या श्रवणयंत्राला या चिंचोळ्या जागेत सगळे जग बसवायचे असते.

यंत्राच्या आत

कोणत्याही श्रवणयंत्राचे चार भाग असतात. आवाज टिपणारा मायक्रोफोन, त्यावर प्रक्रिया करणारी चिप, प्रक्रिया झालेला आवाज कानात सोडणारा छोटा स्पीकर आणि बॅटरी. ही कल्पना शंभराहून अधिक वर्षे जुनी आहे. त्याआधी लोक कानाला कर्णा लावत. बहिरा होत गेलेला संगीतकार बेटोफेन असे कर्णे वापरत असे. विजेवर चालणारी यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. निर्वात नळ्यांची यंत्रे इतकी जड होती की बॅटरीचे ओझे वेगळे वागवावे लागे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि चित्र पालटले. सामान्य माणसाच्या हातात ट्रान्झिस्टर प्रथम आला तो रेडिओतून नव्हे, तर १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला श्रवणयंत्रातून. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची आई आणि पत्नी दोघींनाही ऐकू येत नव्हते आणि ते स्वतः मूकबधिरांचे शिक्षक होते. त्यांच्या स्मरणार्थ श्रवणयंत्र बनवणाऱ्यांकडून ट्रान्झिस्टरसाठी स्वामित्वशुल्क घेतले गेले नाही.

जुनी यंत्रे सगळेच आवाज सारख्या पटीने वाढवत. नातवाची कुजबुज वाढे, तसा कुकरच्या शिट्टीचा आवाजही वाढे. १९९० च्या दशकात डिजिटल यंत्रे आली आणि महत्त्वाचा फरक पडला. मायक्रोफोनने टिपलेला आवाज आता सेकंदाला हजारो वेळा मोजून आकड्यांत बदलला जातो. चिप त्याचे पट्ट्यांमध्ये विभाजन करते, खर्जाची पट्टी वेगळी, मधली वेगळी, उंच पट्टी वेगळी. यांनाच दुकानदार 'चॅनेल' म्हणतात. ज्या पट्टीत रुग्णाचे जितके नुकसान, त्या पट्टीत तितकीच वाढ. खर्जातले बरे ऐकू येत असेल तर तिथे हात लावायचा नाही. 'स' आणि 'श'च्या पट्टीत भरपूर वाढवायचे.

दुसरी गोष्ट याहून मोलाची. त्याच पट्टीत आवाज हळू असेल तर यंत्र तो जास्त वाढवते, मध्यम असेल तर थोडा आणि मोठा असेल तर जवळजवळ नाही. ठरावीक मर्यादेपलीकडे तर आवाज जाऊच देत नाही. म्हणजे मेलेल्या बाहेरच्या केशपेशी जे करत होत्या, त्याचीच ही नक्कल. हे सारे काही मिलिसेकंदांत उरकावे लागते, नाहीतर समोरच्याचे ओठ आणि आवाज यांचा मेळ बसणार नाही.

बाजारात किंवा ऑनलाइन हजार-पाचशे रुपयांत जी 'आवाज वाढवणारी मशीन' मिळतात, त्यांत यातले काहीच नसते. ती सगळ्यांसाठी सारखी असतात आणि काही वेळा इतका मोठा आवाज सोडतात की उरलेल्या केशपेशींनाही धोका होतो.

गोंगाटाचे गणित

लग्नाच्या पंगतीत किंवा एसटी स्टँडवर यंत्र कामाचे नाही, ही तक्रार सर्वांत जास्त येते. तिचा प्रामाणिक निकाल लावला पाहिजे.

नव्या यंत्रात दोन मायक्रोफोन असतात. पुढून आलेला आवाज आधी पुढच्या मायक्रोफोनवर आणि क्षणार्धाने मागच्यावर पोचतो. मागून आलेल्या आवाजाचे उलटे. या फरकावरून चिप पुढचा आवाज ठेवते आणि मागचा कमी करते. दुसरी युक्ती चढउतारांची. बोलणे सेकंदाला काही वेळा, अक्षराअक्षरागणिक, चढते-उतरते. पंखा, कूलर, गाडीचे इंजिन यांचा आवाज एकसुरी असतो. चिप ज्या पट्टीत एकसुरी आवाज सापडेल ती पट्टी दबवते. याने कानाचा थकवा खूप कमी होतो.

पण गोंगाट म्हणजे दहा माणसे एकाच वेळी बोलत असतील तर? तेही बोलणेच. त्यातला आपल्याला हवा तो आवाज कोणता, हे यंत्राला कसे कळणार? निरोगी माणसाचा मेंदू दोन्ही कानांच्या मदतीने तो वेगळा काढतो. यंत्र त्यात मदत करते, मेंदूची जागा घेत नाही. म्हणूनच दोन्ही कानांत दोष असेल आणि परवडत असेल तर दोन्ही कानांना यंत्र लावणे हिताचे. आवाज कोणत्या बाजूने आला हे त्यामुळे कळते. रस्ता ओलांडणाऱ्या माणसासाठी ही चैनीची बाब नाही.

अंतराचा हिशेब तर अगदी सोपा आहे. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. स्वयंपाकघरातून हाक मारण्यापेक्षा जवळ येऊन समोर बोलणे हे महागड्या यंत्रातल्या अनेक सोयींहून उपयोगी पडते.

किमतीपेक्षा जुळवणी मोठी

"कुठलं यंत्र चांगलं?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझे उत्तर असे की जे तुमच्या कानाला नीट जुळवले आहे, ते.

जुळवणीची सुरुवात ऑडिओग्रामने होते. आवाजबंद खोलीत २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर एकेक करून ऐकवतात आणि प्रत्येक सूर किती डेसिबलला ऐकू आला याचा आलेख काढतात. २० डेसिबलपर्यंत ऐकू येत असेल तर ठीक. ३५ ते ५० म्हणजे मध्यम दोष, ६५ ते ८० म्हणजे तीव्र. लक्षात ठेवायला हवे की डेसिबल रुपयांसारखे मोजता येत नाहीत. १० डेसिबल वाढ म्हणजे आवाजाची तीव्रता दहापट, २० म्हणजे शंभरपट. शब्द किती समजतात याचीही वेगळी चाचणी असते आणि ती करून घ्यावी. हा आलेख हातात नसताना कोणी यंत्र विकत असेल तर घेऊ नये. नंबर न तपासता चष्मा घेण्यासारखे ते आहे.

आलेख संगणकात घालून ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, यंत्राला पट्टीवार सूचना देतो. पण प्रत्येकाच्या कानाची नळी वेगळ्या आकाराची असते. तिच्यातच काही आवाज आपोआप वाढतात. म्हणून कानात बारीक नळी घालून यंत्र लावलेले असताना पडद्याजवळ खरोखर किती आवाज पोचतो हे मोजण्याची सोय अनेक मोठ्या केंद्रांत असते. जिथे ती नाही, तिथे निदान रुग्णाला बोलून, वाचून दाखवून बदल करायला हवेत.

आता नेहमीच्या तीन तक्रारी. पहिली, यंत्र शिट्टी मारते. स्पीकरमधून निघालेला आवाज फटीतून बाहेर येऊन पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरला की असे होते, सभेतल्या लाउडस्पीकरसारखेच. बहुधा साचा सैल असतो, नीट बसवलेला नसतो किंवा कानात मळ असतो. दुसरी, स्वतःचाच आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमतो. नळी पूर्ण बंद झाल्याने हाडांतून आलेला आपला आवाज आत अडकतो. साच्यात बारीक छिद्र ठेवले किंवा खर्जाची पट्टी उतरवली की तो सुटतो. तिसरी, भांड्यांचा, नळाचा, वर्तमानपत्राच्या पानांचा आवाज फार होतो. यावर उपाय यंत्रात कमी आणि वापरात जास्त आहे.

मेंदूलाही शिकावे लागते

बहुतेक लोक दोष जाणवू लागल्यावर अनेक वर्षांनी यंत्राकडे वळतात. तेवढा काळ मेंदूने उंच पट्टीचे आवाज ऐकलेलेच नसतात. एके दिवशी ते सारे परत येतात. पंख्याची घरघर, चपलांची खरखर, पिशवीची कुरकुर. ऐकणाऱ्या माणसाचा मेंदू यांना केव्हाच बाजूला टाकतो. नव्याने ऐकणाऱ्या मेंदूला ते पुन्हा शिकावे लागते, आणि त्याला काही आठवडे ते काही महिने लागतात.

म्हणून पहिल्या आठवड्यात शांत घरात, एका माणसाशी बोलताना, दिवसाला दोन-तीन तास यंत्र लावावे. मग दूरदर्शनवरच्या बातम्या, मग घरातल्या चौघांच्या गप्पा, आणि शेवटी बाजार, लग्न, देऊळ. जो पहिल्याच दिवशी यंत्र लावून वरातीत जातो, त्याचे यंत्र दुसऱ्या दिवशी डबीत जाते. यंत्र फक्त पाहुणे आले की लावायचे, हेही चुकीचे. मेंदूला रोजची सवय लागते. दोन ते तीन आठवड्यांनी फेरजुळवणीसाठी जाणे हा उपचाराचाच भाग समजावा.

बहिरेपणाचा आणि स्मृतिभ्रंशाचा संबंध अलीकडे बराच चर्चेत आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत श्रवणदोषाचा समावेश केला आहे. अमेरिकेत ७० ते ८४ वर्षांच्या ९७७ जणांवर तीन वर्षे चाललेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सर्वांचा एकत्र विचार करता श्रवणयंत्राने बुद्धीची घसरण थांबल्याचे दिसले नाही. ज्यांना मुळातच धोका जास्त होता, त्या गटात मात्र घसरणीचा वेग सुमारे ४८ टक्क्यांनी कमी दिसला. त्यामुळे 'यंत्र लावा, विसराळूपणा टाळा' अशी जाहिरात कोणी केली तर तिच्यावर डोळे झाकून विश्वास नको. पण यंत्र घेण्यासाठी त्या कारणाची गरजही नाही. घरातल्या जेवणाच्या गप्पांत भाग घेता येणे हे कारण पुरेसे आहे.

आधी डॉक्टर, मग यंत्र

प्रत्येक बहिरेपणाला यंत्र हे उत्तर नाही. कानात साचलेला मळ काढल्यावर ऐकू येऊ लागलेले अनेक आजोबा दर महिन्याला आढळतात. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल तर औषध वा शस्त्रक्रियेने सुधारणा होऊ शकते. कान सतत वाहणाऱ्यांसाठी हाडातून आवाज पोचवणारी वेगळी यंत्रे असतात. केशपेशी जवळपास संपल्याच असतील तर आवाज कितीही वाढवून उपयोग नसतो. तिथे थेट श्रवणतंत्रिकेला विद्युत संदेश देणारे कॉक्लियर इम्प्लांट लागते.

काही खुणांना उशीर चालत नाही. एका कानाने अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासे झाले तर ती तातडीची बाब आहे. स्टिरॉइडचा उपचार जितका लवकर, तितकी आशा जास्त. 'सर्दीने कान बसला असेल' म्हणून पंधरा दिवस थांबू नये. फक्त एकाच कानात वाढत जाणारा दोष, चक्कर, कानातून रक्त वा पू, चेहऱ्याचा वाकडेपणा यांसाठीही आधी तज्ज्ञांना दाखवावे. अमिकासिन, जेंटामायसिन यांसारखी इंजेक्शने, कर्करोगावरचे सिस्प्लॅटिन यांनी केशपेशींना इजा होऊ शकते. अशा उपचारात कानात आवाज येऊ लागला तर डॉक्टरांना लगेच सांगावे, औषध मात्र मनाने बंद करू नये.

बाळांच्या बाबतीत तर घड्याळच लावायला हवे. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत यंत्र किंवा इतर उपचार. भाषा शिकण्याची वर्षे परत येत नाहीत. 'मुलगा उशिरा बोलतो, आमच्या घराण्यातच आहे' हे वाक्य ऐकले की माझी पहिली शंका कानांवर जाते.

सरकारी मदत आणि तिची उणीव

पैशाअभावी यंत्र नाकारण्याची वेळ सर्वांवर येऊ नये म्हणून काही सोयी आहेत. बहिरेपण प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ पासून सुरू आहे. दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्राच्या योजनेतून पात्र रुग्णांना यंत्र मिळते. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांसाठी २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना साधनांसाठी ३००० रुपये खात्यात मिळण्याची तरतूद आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवणदोषावर काम करते. जिल्हा रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागात किंवा समाजसेवा अधीक्षकांकडे चौकशी केली तर पुढचा रस्ता कळतो.

उणीव आहे ती यंत्र दिल्यानंतरची. शिबिरात मांडव पडतो, यंत्रे वाटली जातात, छायाचित्रे निघतात. महिन्याने साचा सैल होतो, बॅटरी संपते, आवाज फार मोठा वाटतो आणि त्या आजीने कोणाकडे जायचे हे ठरलेलेच नसते. गावात त्या आकाराची बॅटरी मिळत नाही. मग यंत्र डबीत. माझे मत स्पष्ट आहे. किती यंत्रे वाटली यापेक्षा सहा महिन्यांनी किती कानांवर आहेत, हा आकडा मोजला पाहिजे. तोवर निदान यंत्र घेताना रुग्णाच्या घरच्यांनी तीन प्रश्न विचारावेत : फेरजुळवणी कुठे आणि कधी? बॅटरी कुठे मिळेल? बिघडले तर कोण बघेल?

रोजची निगा

यंत्राचे शत्रू दोन, मळ आणि ओलावा. रोज रात्री कोरड्या मऊ कापडाने पुसावे आणि सोबतच्या बारीक ब्रशने मळ काढावा. आंघोळ, पोहणे, केसांना तेल लावणे या वेळी काढून ठेवावे. कोकणात आणि पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलची पुडी ठेवून रात्रभर त्यात ठेवावे, बॅटरीचे दार उघडे ठेवून. छोट्या बटणासारख्या बॅटऱ्या जस्त आणि हवेवर चालतात. रंगीत चिकटपट्टी काढल्यावर हवा आत शिरते आणि बॅटरी जागी होते, म्हणून पट्टी काढून मिनिटभर थांबून मग ती बसवावी. पट्टी काढली की बॅटरी वापरा अथवा न वापरा, झिजू लागते. चिकटपट्टीचा रंग आकार सांगतो. पिवळी म्हणजे १०, तपकिरी ३१२, नारिंगी १३, निळी ६७५. रंग लक्षात ठेवला की दुकानात घोटाळा होत नाही. घरात लहान मूल असेल तर या बॅटऱ्या त्याच्या हाती लागणार नाहीत असे बघावे. गिळल्यास अन्ननलिका भाजू शकते. तसा संशय आला तरी थेट रुग्णालय गाठावे.

शेवटी घरच्यांसाठी. ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी बोलताना आधी नावाने हाक मारावी, तोंड दिसेल असे समोर यावे, चेहऱ्यावर उजेड असावा. ओरडू नये, थोडे सावकाश, स्पष्ट बोलावे. दूरदर्शन बंद करावे. समजले नाही तर तेच वाक्य चौथ्यांदा मोठ्याने म्हणण्यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगावे. औषधाचे आकडे मात्र कधीही नुसते तोंडी सांगू नयेत. मोठ्या अक्षरांत लिहून द्यावेत आणि उलट वदवून घ्यावेत. आणि "जाऊ द्या, काही नाही," हे वाक्य टाळावे. ऐकू न येण्यापेक्षा आपल्याला सांगण्यासारखे आता काही उरले नाही असे घरच्यांना वाटते, हे माणसाला जास्त लागते.